रद्द झालेला कागद सगळ्यात वर

ह्यांच्या उजव्या डोळ्याबद्दल सांगायचं म्हणजे आधी माझ्या कामाबद्दल सांगावं लागेल, आणि माझं काम काय होतं हे आमच्या नात्यागोत्यात आजवर कुणालाच धड कळलेलं नाही. अकोल्याच्या माझ्या जावेला वाटतं मी ऑफिसात टायपिंग करायची. इथे लखनौच्या महानगर भागात शेजारच्या भाभीजी सगळ्यांना सांगतात की, दीदी कम्प्यूटर ठीक करती थीं. मी दोघींनाही हो म्हणते. कोण समजावत बसणार.

खरं सांगायचं तर ते एवढंच होतं. आमचं खातं मोठं. त्याचं नाव नाही सांगत, नावानं काही फरक पडत नाही. कारखाने, दवाखाने, प्रशिक्षण संस्था, विभागीय कार्यालयं, आणि प्रत्येकानं आपापली वेबसाइट काढलेली. चाळीसच्या वर गेल्या होत्या. एखाद्या माणसाला आपल्या कामाचा एक कागद हवा असला तर तो कुठल्या वेबसाइटवर आहे हे त्याला आधीच ठाऊक असायला हवं, आणि ठाऊक असतं तर तो शोधतच कशाला बसला असता? म्हणून ठरलं की एकच चौकोन करायचा. त्यात लिहायचं, आणि सगळ्या वेबसाइटींवरून कागद एका जागी समोर यावेत. त्या चौकोनामागचे नियम मी बसवले. कुठला कागद वर दाखवायचा, कुठला खाली. ह्यांचा डोळा गेला तो त्यातल्या एका नियमापायी, आणि पाच महिने मी त्यांना हे सांगितलं नव्हतं.

तर आधी काम.

मी मॅट्रिक. लग्न होऊन लखनौला आले तेव्हा हिंदीसुद्धा आमच्या अकोल्याची, इथल्या बायका तोंडावर पदर धरून हसायच्या. हे खात्यात इंजिनिअर. आमची मुलगी शाळेत जायला लागल्यावर प्रशिक्षण संस्थेच्या लायब्ररीत कारकुनाची जागा निघाली, ती मला मिळाली. लाकडी खणांतून कार्डं असायची, एकेका पुस्तकाची तीन-तीन. मला ते काम फार आवडलं. कुणी येऊन म्हणायचा, वो लाल वाली किताब, जिसमें पुल के बारे में था. मी काढून द्यायची. लोक विचारतात एका शब्दात आणि कागदावर असतो भलताच शब्द, हे मला तिथे कळलं. नंतर कॉम्प्युटर आले. साहेब लोक त्याच्यावर प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवायचे, मी जेवणाच्या सुट्टीत कव्हर काढून बसायची. शिकवलं कुणीच नाही. चुकत गेले, सोबतच्या पुस्तिका वाचत गेले, इंग्रजी शब्द डिक्शनरीत बघत गेले. पन्नाशीला येईपर्यंत असं झालं की कुठलाही जुना आदेश हवा असला की साहेब म्हणायचे, मॅडम से पूछो.

म्हणून तो चौकोन करायच्या समितीत मला घेतलं. बाकी सगळे शिकलेले, डिग्रीवाले. कोड लिहायला एका कंपनीची ठेक्यावरची माणसं होती, त्यांत एक मुलगी होती, गोरखपूरकडची, बारीकशी, वेण्या आवळून बांधलेली. यंत्राचं तिला कळायचं, कागदांचं मला. आमचं चांगलं जमलं. मी डब्यात थालीपीठ नेलं की ती म्हणायची, आंटी, ये तो पराठे की बड़ी बहन है.

पहिलं वर्ष आम्ही नुसते शब्द गोळा केले. लोक लिहितात 'आँख का ऑपरेशन', आदेशात असतं 'नेत्र शल्य चिकित्सा'. लोक हिंदी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितात, तेही दहा तऱ्हांनी. मी वहीत जोड्या लावायची, ती यंत्राला शिकवायची. ते जमलं. अडलं ते पुढे. एका विषयावर पन्नास कागद निघाले तर पहिला कुठला दाखवायचा?

कुणीही म्हणेल, सगळ्यात नवा. आम्हीही तेच म्हटलं होतं. पण तारखांवर भरवसाच नव्हता. कागदावरची तारीख स्कॅनमध्ये पुसट, शिक्क्याखाली गेलेली. वेबसाइटला माहीत असलेली तारीख म्हणजे कागद चढवला ती, आणि दोनदा सर्व्हर बदलल्यामुळे हजारो कागद एकाच दिवशी चढवलेले दिसत होते. वीस वर्षांपूर्वीचा आदेश आणि परवाचा आदेश, दोन्ही जुळे भाऊ. मुलगी डोकं धरून बसली. तेव्हा मला सुचलं.

आमच्याकडे कुठलंही पत्र निघालं की वर 'संदर्भ' म्हणून एक ओळ असते. या विषयावर आधी कुठली पत्रं निघाली त्यांचे क्रमांक तिथे लिहायचे. ते लिहिल्याशिवाय पत्र सहीला जातच नाही. मी म्हटलं, ज्या आदेशाचा क्रमांक सगळ्यात जास्त पत्रांच्या संदर्भात आलाय तो महत्त्वाचा. तारीख सोडा, संदर्भ मोजा. जगात वेबसाइटींना असंच मोजतात म्हणे, कोण कुणाकडे बोट दाखवतं त्यावरून, पण ते मला मुलीनं नंतर सांगितलं. मला ते माझ्या कारकुनीतून सुचलं होतं. आणि खरंच, नियम लावल्याबरोबर मूळ, मोठे आदेश वर आले आणि चिल्लर पत्रं खाली गेली. मीटिंगमध्ये साहेबांनी पडद्यावर चार-पाच गोष्टी शोधून बघितल्या आणि टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवलेल्या मला तेवढ्याच आठवतात.

मीटिंग संपून चहा चालला होता तेव्हा मुलगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आंटी, जो ऑर्डर रद्द हो गया, उसका क्या? रद्द करने वाला भी तो उसी का नंबर लिखेगा ना संदर्भ में."

बरोबर होतं तिचं. मला एका क्षणात कळलं. ज्यानं रद्द केलं तो मेलेल्याचं नाव घेणार, मग त्याच्यामागून येणारी सगळी पत्रंही दोघांची नावं घेणार, आणि मेलेला कागद मोठा होत जाणार. मी आयुष्यभर संदर्भाच्या ओळी टाइप केल्या होत्या. हे माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला कळणार होतं? पण पंधरा दिवसांनी उद्घाटन होतं, आणि माझ्या हातात समोसा होता. मी म्हटलं, दूसरे चरण में देखेंगे. तिनं मान डोलावली. मी वहीत लिहूनही ठेवलं. पुढे मी रिटायर झाले, तिचा ठेका दुसरीकडे गेला, आणि दुसरा टप्पा काही निघाला नाही.

आता डोळा.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शनिवारी सकाळी हे पेपर वाचत होते, आणि म्हणाले, अगं, उजवीकडून काहीतरी काळं आल्यासारखं वाटतं. मी म्हटलं चष्मा पुसा. चष्मा पुसला, तोंड धुतलं, काळं तिथेच. आदल्या रात्री वीज चमकल्यासारखंही दिसलं होतं म्हणे, ते त्यांनी मला सांगितलं नव्हतं. जवळच, लखनौतल्याच कपूरथला चौकाच्या बाजारात एक वयस्क डोळ्यांचे डॉक्टर बसतात, त्यांच्याकडे गेलो. भले माणूस. त्यांनी बॅटरीनं बघितलं, मग आत नेऊन मशीनवर बघितलं, आणि म्हणाले, आपको ज़हमत न हो तो किसी बड़े अस्पताल में जल्दी दिखा लीजिए. इतक्या हळुवारपणे म्हणाले की आम्ही त्यांचे आभार मानले आणि येताना मटार घेऊन आलो. त्या 'जल्दी'चा अर्थ आज की चार दिवसांत, हे आम्ही विचारलं नाही. इथे कुणी ओरडून काही सांगत नाही, आणि चाळीस वर्षांत आमचीही तीच सवय झालेली.

घरी आल्यावर हे म्हणाले, तू बघ ना तुझ्या सर्चमध्ये, रिटायर झालेल्यांसाठी काय नियम आहे. अहो, हो, म्हणत मी फोन घेतला. सोफ्यावर बसून लिहिलं, सेवानिवृत्त, आँख का ऑपरेशन, रेफर. माझ्याच शब्दांच्या जोड्या होत्या, त्यामुळे एका क्षणात यादी आली. पहिला कागद उघडला. मुख्यालयाचा आदेश, खाली गोल शिक्का, सही. निवृत्त कर्मचाऱ्यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आधी खात्याच्या दवाखान्यातल्या बोर्डापुढे हजर व्हायचं, बोर्डाचा कागद घेऊनच बाहेरच्या ठरलेल्या दवाखान्यात जायचं, त्याशिवाय भरती करून घेणार नाहीत. बोर्ड महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी. पहिला गुरुवार परवाच होऊन गेला होता.

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. हे म्हणाले, ठीक आहे, म्हणजे बारा दिवस. मी दुसरा कागद उघडला नाही. पहिला माझाच होता ना. म्हणजे मीच त्याला पहिला केला होता. आपण लावलेला दिवा नीट लागतो की नाही हे कुणी परत-परत बघतं का?

ते बारा दिवस कसे गेले ते मला सांगता येत नाही, कारण काहीच झालं नाही त्यांत. थंडी होती, धुकं होतं. आमची मुलगी इथेच अलीगंजला राहते, ती तेव्हा सासरच्या लग्नाला कानपूरला गेलेली. तिला उगीच कशाला, म्हणून कळवलं नाही. मी मटार सोलत होते, हे उन्हात बसत होते. पाचव्या-सहाव्या दिवशी म्हणाले, काळं आता खालून वर सरकतंय. मी खात्याच्या दवाखान्यात फोन लावला. घंटी वाजत राहिली. मी म्हटलं, चला, तसेच जाऊ या. तर हे म्हणाले, बोर्डाच्या कागदाशिवाय जाऊन गेटवरून परत यायचं? नियम आहे तर नियमानं जाऊ. पस्तीस वर्षं खात्यात काढलेला माणूस दुसरं काय म्हणणार? आणि मीही आग्रह धरला नाही. कागद मी वाचला होता.

गुरुवारी सकाळी आठलाच बोर्डासाठी गेलो. खिडकीत एक मुलगा बसला होता, त्यानं आमची फाईल उलटसुलट करून पाहिली, आणि मग आमच्याकडे बघितलं.

"माताजी, बोर्ड तो बंद हुए दो साल हो गए. अब कार्ड लेकर सीधे जाना होता है. आपको किसने बताया?"

मी सांगितलं नाही कुणी ते. हे म्हणाले, वेबसाइट पर था. तो म्हणाला, अंकल, वेबसाइट का तो भगवान ही मालिक है. रांगेतली दोन माणसं हसली. हेही थोडं हसले. तिथून रिक्षा करून सरळ ठरलेल्या दवाखान्यात गेलो, आणि खात्याचं मेडिकल कार्ड दाखवल्यावर त्यांनी दहा मिनिटांत आत घेतलं. दहा मिनिटं. तिथली डॉक्टर तरुण होती, तिनं बराच वेळ बघितलं. पडदा सुटलाय म्हणाली, डोळ्याच्या आतला, आणि आता मधला भागही सुटला. पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असतात तर मधला भाग बहुतेक वाचला असता. तिनं तेही चांगल्या शब्दांत सांगितलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, सगळेच म्हणाले. डोळ्याला उजेड-अंधार कळतो. बोटं मोजता येत नाहीत.

मुलगी कानपूरहून थेट दवाखान्यातच आली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीत. बाबांच्या कॉटशी उभी राहून मला म्हणाली, "मम्मी, बारह दिन? किसने बोला था रुकने को?" मी म्हटलं, आदेश होता. ती म्हणाली, कौन सा आदेश, दिखाओ. मी फोन काढून दाखवला. तिनं वाचला, वरचं वर्ष बघितलं, आणि फोन मला परत दिला. मला वाटलं होतं मला रडू येईल. नाही आलं. मी खाली जाऊन त्यांच्यासाठी पपई कापून आणली.

त्या रविवारी घरी मी परत तेच शब्द लिहिले. जुना आदेश पहिला. त्याला रद्द करणारा, सीधे जाइए सांगणारा, तिसऱ्या पानावर, एका क्रीडास्पर्धेच्या पत्राच्या खाली. त्याचं नाव नुसतं 'चिकित्सा सुविधा – संशोधित निर्देश', म्हणजे उपचारांच्या सुधारित सूचना. आत डोळ्याचा उल्लेख एकदाच, पान चारवर. वर संदर्भाच्या ओळीत जुन्या आदेशाचा क्रमांक, नीट, ठळक. मी फोन उलटा करून ठेवला आणि कणीक मळायला घेतली. मला काहीच वाटलं नाही. तेव्हापासून मला फारसं काही वाटतच नाही, हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. हात-पाय चालतात, भाजीला फोडणी बसते, फोनवर जावेशी हसूनही बोलते. पण हे सगळं शेजारच्या घरात चाललंय आणि मला भिंतीपलीकडून ऐकू येतंय, असं काहीतरी.

हे बरे राहिले. पहिले काही दिवस जिन्यावर पाय चुकायचा, मग सवय झाली. मला म्हणायचे, तू माझ्या उजवीकडे बसत जा, म्हणजे तुझं तोंड दिसणार नाही. जुना विनोदी माणूस. लोक भेटायला यायचे तेव्हा सांगायचे, खात्याची वेबसाइट म्हणजे विचारूच नका, चुकीचाच कागद दाखवते. आणि पुढे सांगायचे, हिनं केलं होतं तोवर ठीक होतं, नंतरच्या लोकांनी वाट लावली. मी चहाचे कप उचलून आत जायची. कुणी आलं की हे असंच म्हणणार हे मला ठाऊक असायचं, आणि मी आधीच उठायची.

चार महिने गेल्यावर एक फोन आला. आंटी, पहचाना? तीच, गोरखपूरकडची मुलगी. आता कंपनीत मोठ्या जागेवर आहे, तिच्या हाताखाली दहाजण आहेत. खात्यानं सर्च नव्यानं करायचं काम तिच्या कंपनीला दिलं होतं. ती म्हणाली, दूसरा चरण आ गया, आंटी, आप आइए. सल्लागार म्हणून आठवड्यातून दोनदा. मी ह्यांना विचारलं, ते म्हणाले जा, घरात बसून भिंतीकडे बघतेस, त्यापेक्षा जा.

पहिल्याच मीटिंगला नवे साहेब होते. त्यांनी माझी ओळख करून देताना सांगितलं, ह्या मॅडमनी मूळ सर्च बनवला, संदर्भ मोजायची कल्पना ह्यांची. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं की ती कल्पना चुकीची आहे. साहेब म्हणाले, अरे, आप तो बहुत विनम्र हैं. मी म्हटलं, नम्रता नाही. त्या नियमामुळे रद्द झालेला कागद वर येतो आणि चालू कागद खाली जातो, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. मुलगी टेबलाकडे बघत बसली. साहेबांनी विचारलं, काही तक्रार आलीय का अशी? मी म्हटलं, माझ्या घरी आलीय. आणि सांगितलं, जेवढं लागेल तेवढंच. बारा दिवस, उजवा डोळा. माझा आवाज सरळ होता, आदेश वाचून दाखवावा तसा. मग साहेबांनी पाणी मागवलं.

काम काय करायचं ते मुलीनं आणि मी ठरवलं. सगळेच संदर्भ सारखे धरायचे नाहीत. आमच्या हिंदी आदेशांत दोन तऱ्हा असतात. 'के क्रम में' म्हणजे आधीचा आदेश चालू आहे, हा त्याच्यापुढे. 'के अधिक्रमण में' म्हणजे आधीचा संपला, आता हा. पहिल्या तऱ्हेत जुन्याचं वजन वाढवायचं, दुसरीत जुन्याचं सगळं वजन काढून नव्याला द्यायचं, आणि जुना उघडलाच कुणी तर वर मोठ्या लाल अक्षरांत, हा रद्द आहे, चालू कागद इथे. ऐकायला सोपं. पण निम्म्या कागदांत ह्या दोन्हींपैकी काहीच लिहिलेलं नसतं, रद्द केल्याचं शेवटच्या परिच्छेदात दुसऱ्याच शब्दांत असतं, आणि स्कॅन असा की यंत्राला वाचता येत नाही. ते माणसानंच वाचायचे. मी म्हटलं, दवाखान्याचे आधी. मीच वाचते.

आणि त्या संध्याकाळी घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. ठरवून नव्हे. साहेबांना आणि खोलीभर माणसांना सांगून झालं होतं, आणि ज्यांचा डोळा त्यांनाच ठाऊक नव्हतं, हे मला बरं दिसेना. ते बातम्या बघत होते. मी टीव्हीचा आवाज कमी केला.

"तो पहिला कागद मी वर आणला होता," मी म्हटलं. "नंतरच्या लोकांनी नाही. त्या मुलीनं मला तेव्हाच विचारलं होतं, रद्द झालेल्याचं काय. मी म्हटलं, पुढे बघू."

त्यांनी तोंड वळवून डावा डोळा माझ्याकडे केला. मग विचारलं, खरा कागद कितव्या पानावर होता. मी सांगितलं, तिसऱ्या.

"तिसऱ्यावर कोण जातं," ते म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज परत मोठा केला.

पुढचे चार दिवस ते माझ्याशी लागेल तेवढंच बोलले. मीठ दे, गॅस बंद कर. फिरायला एकटे गेले. मी अडवलं नाही. मला वाटलं आता तरी काही फुटेल आतून, पण नाही. मी रोज दवाखान्याचे तीस-चाळीस कागद वाचत होते, 'अधिक्रमण' दिसलं की वहीत दोन क्रमांक लिहीत होते, एक मेलेला, एक चालू. आणि त्या यादीत किती माणसं असतील ते मनात येऊ देत नव्हते.

पाचव्या दिवशी मी निघाले तर हे बूट घालून दारात उभे. म्हणाले, मीही येतो. मी का ते विचारलं नाही. रिक्षात ते माझ्या डावीकडे बसले, म्हणजे मी त्यांच्या उजवीकडे.

ऑफिसात मुलीनं त्यांना बघितलं आणि उठून उभी राहिली. खुर्ची पुढे करून म्हणाली, अंकल, नया वाला टेस्ट में डाला है आज. आपकी आँख वाला ऑर्डर पढ़ लिया आंटी ने. देखेंगे? हे खुर्चीत बसले. तिनं कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. मी मागून सांगायला गेले, सेवानिवृत्त लिहा, आँख का ऑपरेशन लिहा. तर ते म्हणाले, तू गप्प बस, तुझे शब्द तुला माहीत आहेत, मला नव्हते.

आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन त्यांनी इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहिलं. दाहिनी आँख में काला परदा आ रहा है कहाँ जाऊँ.

त्या शनिवारी त्यांनी स्वतः विचारलं असतं तर हेच विचारलं असतं. सबंध वर्षभर मी शब्द गोळा केले होते, त्यांत ऑपरेशनचे होते, आजारांचे होते, फॉर्मांचे होते. काय दिसतंय ह्याचा एक शब्द नव्हता.

यादी आली. पहिलं कारखान्यातल्या खिडक्यांच्या पडद्यांचं टेंडर. दुसरं गाडी चालवणाऱ्यांच्या डोळ्यांच्या तपासणीचं पत्र. तिसरं एक नेत्रशिबिर, होऊन गेलेलं. चौथा तो. 'संशोधित निर्देश', कार्ड घेऊन सरळ जा. जुना आदेश यादीत कुठेच नव्हता. मुलीनं पुढची दोन पानं उलटून बघितली, तिथेही नव्हता.

ह्यांनी बोट ठेवत-ठेवत चारही ओळी वाचल्या. वेळ लागला.

"चौथा," ते म्हणाले. "पहिल्या पानावर आहे."

मुलगी माझ्याकडे बघत होती. आज तरी मी बरं म्हणेन असं तिला वाटलं असावं. साहेबांना दाखवायला चौथा पुष्कळ होता, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांना दाखवायचं होतं. मी म्हटलं, चौथा नको. माणूस पहिलाच उघडतो.

मी ह्यांच्या उजवीकडे खुर्ची ओढली आणि विचारलं, त्या दिवशी अजून काय-काय दिसत होतं ते सांगा. ते सांगायला लागले. आधी वीज चमकली. मग डासांसारखे ठिपके. मग कुणीतरी कडेनं चादर ओढत आणल्यासारखं. मी एकेक लिहून घेत होते, त्यांनी सांगितलं त्याच शब्दांत, आणि मुलगी त्याच्यापुढे ते हिंदीत लोक कसं लिहितील ते भरत होती. दुपारी जेवणापर्यंत तो चालू कागद दुसरा आला. पडद्यांचं टेंडर काही हटेना.